कोपरा नसलेलं कार्ड

कोपरा... बोटभरच गेलेला. चित्राच्या बाजूनं पाहिलं तर समुद्र, खडकावरचा किल्ला, तोफा, सगळं धड — निळ्या आभाळाचा एक तुकडा तेवढा नाही. पोस्टमन दिनकररावांनी कार्ड हातात दिलं नाही, ओट्यावर ठेवलं, आणि एरवी चहा घेतल्याशिवाय न हलणारा माणूस सायकलीवर टांग टाकून चालता झाला. वालुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक — कोपरा फाडलेलं कार्ड मयताचं. बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं, घरात न्यायचं नाही.

सीतारामगुरुजी उन्हात उभेच. पंडित, त्यांचा एकुलता एक, जहाजावर फिटर. साखर भरायला जहाज क्युबाला गेलेलं, हवानाला. अक्षर त्याचंच... मग भ्यायचं कशाला? परदेशी तिकीट कुणाच्या तरी डोळ्यांत भरलं, कोपऱ्यासकट फाडून घेतलं — चौथीच्या वर्गालाही समजावून सांगितलं असतं त्यांनी. छप्पन साली दीक्षा घेतली, देव नदीत सोडले, अमावास्येला मुंजाच्या पिंपळाखाली बसून भाकरी खाऊन दाखवली... आणि आज एका कागदानं पाचावर धारण बसावी! लाज वाटत होती. लाजेनं भीती मात्र तसूभर हटत नव्हती.

कार्डावर तारीख ७ जानेवारी १९७५. आज मार्च. दोन महिन्यांत काय होत नाही? वादळ, ताप, इंजिनातली वाफ... कार्ड आधी निघालं असेल आणि मागाहून तार आली असेल, तार द्यायला दिनकररावांना धीर झाला नसेल, म्हणून त्यांनीच कोपरा... मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते काही उगीच नाही.

"कुणाचं हाय?" आतून कुसुमबाईंनी विचारलं.

"पंडितचं."

"मग वाचा की."

उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचायला घेतलं. "ती. आई-बाबांस सप्रेम जयभीम. काल शहर पाहिलं. हा किल्ला स्पेनच्या राजवटीतला, दगड गुलामांनी वाहिलेले. मग जुनं चर्च, फरसबंदी चौक. चौकात स्पेनच्या सुभेदाराचा वाडा आहे, आता तिथं म्युझियम. बाबा, मी पुढच्या दारानं आत गेलो. कोण, कुठला, कुणी विचारलं नाही."

पुढच्या दारानं... याच गावात देशमुखांच्या मागच्या दारी, आईच्या लुगड्याला धरून, शिळ्या भाकरीसाठी किती वेळ उभा राहायचो मी — आणि माझा पोरगा सातासमुद्रापार सुभेदाराच्या पायऱ्या चढला! छाती भरून आली. अन् भरल्या छातीतच धस्स झालं. कार्ड तिथंच संपत होतं. पोरगा आत गेला — बाहेर आलेला कुठं लिहिलंय?

कुसुमबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. अक्षरओळख नव्हती त्यांना. त्यांनी कार्ड घेतलं, किल्ला पाहिला, तोफा पाहिल्या, मग अंगठा सरकत सरकत फाटल्या कडेवर जाऊन थांबला.

"तिकिटापायी फाडलं असंल कुणीतरी," त्या म्हणाल्या. "तुमी उगं भिऊ नका."

हेच तर तिला सांगायचं म्हणून मघापासून शब्द जुळवत होते ते! आवाज शांत होता तिचा, तापातल्या लेकराशी बोलावा तसा... पण कार्ड घेऊन ती आत वळत नव्हती. दोघं तसेच बाहेर उभे. एकट्याची होती तोवर त्या भीतीला खुळी म्हणता येत होतं गुरुजींना; आता ती दोघांची झाली, आणि तिला खोटं म्हणायला घरात कुणी उरलं नाही.