शेवटच्या पायरीवर कोण चढलं?

मी शिक्का बोलतोय. शिड्या बनवणाऱ्या एका कंपनीचा, लोखंडी. दांडा दाबला की शाईविना, कागदाला उठाव देऊन उमटणारा. माझ्या तोंडावरची अक्षरं उलटी कोरलेली, म्हणून मी वाचण्यात ढच राहिलो. कान मात्र शाबूत आहेत.

मला घडवून घेतलं बाबांनी. मूळचे सुतार. कंपनी कशासाठी काढली, हे कागदावर लिहायचं होतं. बाबा म्हणाले, "लिहा, चढणारा माणूस धड खाली उतरावा, अशा शिड्या करण्यासाठी."

"आणि नफा?" वकील हसले.

"तो येईल की मागून. त्याला काय आमंत्रण द्यायचं?"

रीत अशी, की नवी शिडी निघाली की एका संचालकाने सर्वांदेखत शेवटच्या पायरीपर्यंत चढायचं. तो खाली आला की तसं लिहिलेल्या कागदावर मला दाबायचं. बाबा पंचाहत्तरीतही चढले. त्यांची लेक, ताई, खाली शिडी धरून ओरडायची, "बाबा, पुरे हो आता!"

बाबा गेले. ताईंचा धाकटा भाऊ अध्यक्ष झाला; ताई आणि एक डॉक्टर संचालक. मग सभेत काय घडलं, ते सभेआधीच टाइप होऊन येऊ लागलं. मी दाबला जात राहिलो. म्हाताऱ्याने किती बोलावं?

एकदा वजनाला हलकी अशी नवी शिडी आली. धाकट्याने आणि डॉक्टरांनी चहा निवायच्या आत सह्या केल्या, मला दाबलं. ताईंनी कागद ओढून मोठ्यानं वाचला, "संचालकांनी शिडी चढून पाहिली." मग विचारलं, "कोण चढलं रे?"

"ताई, तसं लिहायची पद्धत असते."

"कारखान्यातले मिस्त्री म्हणतात, चौथी पायरी वाकते."

"मिस्त्रींना सगळंच वाकडं दिसतं."

"बरं. शिडी दारातच उभी आहे. चढ."

धाकटा हसत उठला. पहिल्या पायरीवर बूट ठेवला. काढून घेतला.

"वेडी आहेस का? पडलो म्हणजे?"

मी हादरलो. लोकांना विकायला काढलेल्या शिडीवर हा स्वतःचा पाय ठेवेना! आणि त्या खोट्यावर तोंड माझं उमटलेलं.

"आपण इथे बसतो ते याचसाठी ना रे?" ताई एवढंच म्हणाल्या. डॉक्टरांनी मान खाली घालून आपली सही खोडली. धाकट्याने बऱ्याच वेळाने. शिडी परत कारखान्यात गेली.

आता कायद्यालाही माझी गरज उरलेली नाही म्हणे. खणात पडून असतो. मला नका दाबू, बाबांनो. पण सही करण्याआधी एकदा आपला पाय ठेवून बघा. शाईची सही खोडता येते. त्या कागदावर हात फिरवला, तर माझा ठसा अजून बोटांना लागतो.