धूर उताराला लागला

दुपारीच वारा पडला आणि आभाळ असं धुतल्यासारखं निळं झालं, की किवा हातातलं काम टाकून शेताकडे निघाली. उत्तरेकडच्या तोकाचीच्या थंड मुलखात शरदाच्या तोंडाशी असं आभाळ दिसलं की समजायचं, पहाटे दव गोठणार. रेडिओवरही तेच सांगत होते. एरवी ही थंडी ऑक्टोबरशिवाय फिरकायची नाही, यंदा सप्टेंबर अर्धा सरतो तोच दारात. आणि किवाच्या शेतातल्या अझुकीच्या, त्या तांबड्या चवळीसारख्या कडधान्याच्या, शेंगा अजून हिरव्यागार. आतला दाणा तांबडा व्हायला त्यांना आणखी थोडं ऊन हवं होतं.

तिचा नवरा तोकुझो ओसरीत मोडका पाय पसरून बसला होता. उन्हाळ्यात जंगलात ओंडका घसरला, त्याखाली त्याचा पाय सापडला आणि ओंडका ओढणारा त्यांचा एकुलता घोडा जागीच मेला.

"सोडून दे," तो म्हणाला. "आभाळाशी कोण भांडणार?"

"मी भांडते. तुम्ही भात शिजतोय तिकडे लक्ष द्या."

ती ओला पेंढा, बटाट्याचे वाळके वेल, लाकडाचा भुसा असं मिळेल ते ओढत राहिली. शेत उताराचं, भारे वरच्या बांधापर्यंत नेववेनात, म्हणून शेताच्या खालच्या बांधालाच ढीग रचले. बांधापलीकडे ओढा, आणि ओढ्याच्या पल्याड गोन्दाचं शेत.

गोन्दा वाडीचा प्रमुख, आगीच्या बंबाची जबाबदारीही त्याच्याकडेच. सायकलवरून चालला होता, ढीग बघून उतरला.

"किवा-सान, हे काय मांडलंय?"

"धूर करणार. पिकावर धुराचं पांघरूण पडलं की दव गोठत नाही."

"धुराला बंदी आहे. गेल्या खेपेला असल्याच धुरापायी सगळा गोठा जळाला, गाईंसकट. सभेत ठरलंय."

"सभेत मी नव्हते."

"तुमचे यजमान होते. हात वर केला होता त्यांनी."

"मग त्यांचा हात ठेवा तुमच्यापाशी. काडी माझ्या हातात आहे."

गोन्दाचा चेहरा लालबुंद झाला. "मी येऊन पाणी ओतीन."

"ओता की. आधी माझ्या डोक्यावर ओतावं लागेल, तेवढी तयारी ठेवा."

पहाटे तिने ढीग पेटवले. थोड्या वेळाने गोन्दा खरोखरच आला, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. किवा ढिगासमोर हात पसरून उभी राहिली. बादल्या खाली ठेवून त्याने सुक्या गवतावर उडालेली एक ठिणगी बुटाने चिरडली.

"विझवायला आलात ना?" किवाने विचारलं.

"वाडी जळू नये म्हणून आलोय. तुमचा हिशेब उजाडल्यावर."

त्याला खोकल्याची उबळ आली. तिने आपला ओला पंचा त्याच्याकडे फेकला, त्याने तो नाकातोंडाला गुंडाळला. मग तो ठिणग्या चिरडत आणि ती भुसा टाकत, दोघं उजाडेपर्यंत राबले.

उजाडलं आणि किवाने वर पाहिलं. तिचं शेत पांढरं पडलं होतं. ऊन चढलं तशी पानं उकळतं पाणी ओतल्यासारखी काळवंडून माना टाकू लागली. धूर वर चढलाच नव्हता. थंड हवेबरोबर तो उताराला लागला, ओढा ओलांडून गेला आणि गोन्दाच्या शेतावर गोधडीसारखा पसरून राहिला. तिथली अझुकी जशीच्या तशी हिरवी होती.

किवा बांधावरच बसली. डोळ्यांत पाणी होतं, ते धुराचं की कशाचं, तिलाही सांगता आलं नसतं. ढीग वरच्या बांधाला रचायला हवे होते. अंगातलं बळ संपलं म्हणून खाली रचले, आणि आता सारं हातचं गेलं.

गोन्दा पंचा हातात चुरगाळत उभा होता. "किवा-सान," तो कसाबसा म्हणाला, "निम्मी अझुकी घेऊन जा."

"भीक नको मला."

"भीक कसली? राखलीत तुम्ही."

"तुमची राखायला नव्हते पेटवले मी." ती उठली, गुडघ्यावरची राख झटकली. "द्यायचंच असेल तर घोडा द्या नांगराला. आणि तुमच्या कोठारातलं गव्हाचं बी."

"आता गहू? दव गोठायला लागलं, पुढे बर्फ पडेल."

"थंडीने मरणारं पेरून झालं माझं. आता थंडी पचवणारं पेरते. गव्हाला हिवाळा लागतोच, त्याशिवाय ओंबी धरत नाही तो."

"घोडा माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही."

"मग तुम्हीही या."

तोकुझोने ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. "तू वाडीच्या प्रमुखाला नांगराला जुंपलंस?"

"घोड्याला जुंपलंय. ते नुसते मागून चालणार."

काळं पडलेलं पीक तिने विळ्याने कापलं. ज्यांत पोसलेला दाणा दिसला त्या शेंगा वेचून घेतल्या, बाकी सगळं जमिनीत गाडलं. गोन्दा नांगर धरून आला. त्याची बायको गावभर सांगत सुटली, की नवऱ्याला किवाने गडी ठेवलाय. गोन्दाच्या कानावर ते गेलं. दुसऱ्या दिवशी तो आणखी लवकर आला. तोकुझो कुबड्या बांधाला टेकून बसल्या बसल्या बी मोजून द्यायचा, आणि किवा पेरत पुढे जायची.

गहू बोटभर वर आला आणि पुन्हा दव गोठलं, आधीपेक्षा कडक. सकाळी सगळी पाती पांढरी, कडक, जमिनीला चिकटलेली. तोकुझो बाहेर बघून कुबड्या टेकत आत वळला. किवा मात्र शेतात जाऊन उभी राहिली. ऊन अंगावर आलं, पात्यांवरचं पांढरं ओघळलं, आणि एकेक पातं हळूहळू ताठ होत गेलं.

ओढ्यापलीकडे गोन्दा अझुकी झोडत होता. त्याने हात थांबवून ओरडून विचारलं, "कसंय?"

"उभंय," किवा म्हणाली. "आणि पुढच्या साली ढीग वरच्या बांधाला लागतील. सभेत सांगून ठेवा."

"बंदी आहे अजून."

"म्हणूनच म्हणते, सांगून ठेवा."