धनुबाई माझ्या टपावर चढली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी काळी-पिवळी जीप आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका! मोलगीहून खापरला जाताना देवगोईचा घाट मी आजही धापा न टाकता उतरते. चढताना टाकते, ते सोडा. माझा डावा दरवाजा दोरीने बांधलाय, पण हॉर्न असा खणखणीत, की म्हशीसुद्धा वळून बघतात.

नवी होते तेव्हा माझा चालक शिवाजी मला रोज धुवायचा. दसऱ्याला झेंडूचा हार, पेढा, सगळे लाड. पुढे रस्त्यावर नव्या गाड्या आल्या आणि माझ्या वाट्याला साधं फडकंही येईना. लोक चिखलाच्या चपलांनी टपावर चढत, वरून पोती आदळत. कौतुकाचा एक शब्द ऐकायला मी आसुसले होते, खोटं कशाला बोलू?

एक सुख मात्र होतं. शिवाजीच्या पेन ड्राइव्हमध्ये ‘डोंगरठेका’ बँडची अकरा गाणी होती. इकडचीच पोरं, इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि जोडीला आपला मोठा डोंगरी ढोल. ती वाजू लागली की माझे नटबोल्ट नाचायचे. माझ्याइतकीच वेडी होती धनुबाई. साठीची बाई, बांबूच्या टोपल्या विणून बाजारात विकणारी. मोहाच्या झाडाचं गाणं लागलं की पुढच्या सीटवर बसून ठेका धरायची.

हा बँड दरवर्षी दिवाळीनंतर, लोक ऊसतोडीला गुजरातेत पांगायच्या आधी, खापरच्या मैदानावर एकदाच गातो. धनुबाईची टोळी दर वेळी त्याच्या आधीच निघून जायची. यंदा मात्र तिच्या टोळीचा ट्रक कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होता. कार्यक्रमाच्या दिवशी ती सकाळी दहा वाजताच नवी साडी नेसून पुढच्या सीटवर येऊन बसली.

आता आमच्या धंद्याची रीत ऐका. जीप वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. बारा वाजले, एक वाजला, चार सीटा रिकाम्याच. कार्यक्रम तीनचा. धनुबाई सारखी विचारी आणि शहाद्याकडचा शिवाजी आपल्या अहिराणीत म्हणे, “गाडी अजून भरनी नही शे, मावशी.”

शेवटी तिनेही त्याच्याच बोलीत सुनावलं, “ते गानारा तुन्ही गाडीनी वाट दखी ऱ्हायनात का?” आणि ती खाली उतरून चालू लागली. रागावून घरी गेली वाटतं!

छे! ती गेली थेट बाजारात. टोपली पालथी घालून तिच्यावर ठेका धरला आणि मोहाचं गाणं सुरू केलं. थोड्या वेळात मागे अशी वरात घेऊन आली, की चार सीटांना चौदा जण! गंमत बघा, त्या गर्दीत तिचीच पुढची सीट गेली. बिचारी मागच्या पायरीवर लोंबकळत आली.

आम्ही पोहोचलो साडेचारला. मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. ढोल घुमत होता, गिटार किंचाळत होती आणि बुटक्या धनुबाईला दिसत होत्या नुसत्या पाठी. शेजारच्या बाईने सांगितलं की मोहाचं गाणं तर पहिलंच झालं. धनुबाई माझ्या चाकाला टेकून खाली बसली.

शिवाजीचा चेहरा पडला. चूक आपली, हे त्याला कळलं होतं. त्याने तिला उठवलं, मला मैदानाच्या कडेच्या उंच बांधावर चढवलं आणि म्हणाला, “मावशी, टपवर चढ.”

ती चपला काढू लागली. लोक हसले, तशी म्हणाली, “म्हातारीना पाठवर चपला घालीसन कोन चढस?”

मित्रांनो, इतक्या वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. मला रडू फुटलं असतं, पण वायपर कधीचा बंद!

बँड दोन गाण्यांमध्ये थांबला आणि शिवाजीने माझ्या हॉर्नवर मोहाच्या गाण्याचा ठेका धरला. पों-पों, पोंपोंपों! मी जीव तोडून ओरडले. सगळं मैदान वळलं. टपावर चपला हातात घेऊन उभी असलेली बाई गाणाऱ्याने पाहिली, तो हसला आणि त्याने ढोलवाल्याला खूण केली. गाणं पुन्हा सुरू झालं! अहाहा! धनुबाई अशी नाचली, अशी नाचली, की तिच्या अनवाणी टाचांनी माझ्या टपाला खड्डा पडला.

दुसऱ्या दिवशी तिचा ट्रक गेला. शिवाजी हातोडी घेऊन टप सरळ करायला आला, पण खड्डा बघून त्याने हातोडी ठेवली आणि फडकं ओलं करून आणलं. कितीतरी वर्षांनी माझा टप पुसला गेला. खड्डा त्याने तसाच ठेवला.

परवा पुन्हा चार सीटा रिकाम्या होत्या. सिंधुबाई नावाच्या एका बाईला दवाखान्यात बहिणीला भेटायला जायचं होतं, ती सारखी घड्याळ बघत होती. शिवाजीने एकदा टपाकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

तेव्हा मित्रांनो, माझ्या टपावर खुशाल चढा, नाचा. खड्ड्यांची मला भीती नाही. चपला तेवढ्या काढा.