उसना भाऊ

बोईसरला औषधांच्या दुकानावरच्या खोलीत बसून मी, कीर्ती, बारा वर्षं माणसांची दुखणी ऐकते आहे. आता कान विटले आहेत, आणि हे बोलून दाखवायची सोय मानसोपचारात नाही. सुरुवातीला कारखान्यांतली, शेजारच्या सरावलीच्या भाड्याच्या खोल्यांतली माणसं समोर येऊन नुसती पंख्याकडे बघत बसायची. म्हणून मी एक युक्ती काढली. आधी आपलं दुःख पुढं ठेवायचं, मग समोरचा गाठ सोडतो. माझ्यापाशी तसं काही नव्हतं, आईबापांची मी एकुलती. मग मी एक भाऊ रचला : निमेश, बोटीवर गेला तो आलाच नाही. जेवताना माशाचे काटे ताटाच्या कडेला ओळीनं मांडायचा, असंही सांगायची. त्या काट्यांपाशी भलेभले रडले.

मार्चमध्ये सातपाटीची मंजुळा आली. नवरा, नवशा, चार महिन्यांपूर्वी समुद्रात बेपत्ता झालेला. ती रोज त्याचं ताट वाढायची आणि स्वतः उपाशी राहायची. तो गेला हे तिनं मानावं, एवढंच माझं काम होतं. थकव्यात मी सवयीनं निमेश सांगून गेले आणि जीभ चावली. सातपाटी माझंच गाव. तिथं कुणाच्या घरी किती पोरं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मंजुळा मात्र हसली. "निमेशदादा आमच्याच बोटीवर होता ना. तो आला परत. मग माजा बी येल."

पुढच्या आठवड्यात कळलं, आता ती पोरांनाही उपाशी थांबवते. पेरलं मीच होतं, उपटायलाही मीच हवी होते. मला भाऊ नव्हता हे आईनंच तिला सांगावं, म्हणून रविवारी दुपारी मी घरी गेले.

घरात एकटीच राहणारी आई सुके बोंबील निवडत होती. सगळं ऐकून तिनं मान वर केली नाही.

"बारा वरसं लोकांत त्याला मारतेस. तो कदी बोलला काय तुला?"

"कोण, आई?"

"हळू बोल. आताच जेवून पडलाय. मंजुळाला सांग, नवशा नाय येनार. यानं बुडताना पाह्यलाय त्याला."

वाद घालायचं त्राण नव्हतं. मी हात धुवायला मोरीत गेले. तिथं दोन उष्टी ताटं होती. एकाच्या कडेला काटे ओळीनं मांडलेले होते.

सोमवारी मंजुळाला मी निमेशचा निरोप दिला. ती पहिल्यांदाच रडली, आणि संध्याकाळी पोरांना घेऊन जेवली. दर रविवारी मी अजून आईकडे जाते. आतल्या खोलीचं दार मात्र लोटून पाहिलेलं नाही.