मी भिंतीलाच टेकून होते

मित्रांनो, माझ्या नावात स्कूटर आहे. पण मला इंजिन नाही, बॅटरी नाही आणि बसायला सीटही नाही. मी पायाने ढकलायची स्कूटर. एक पाय माझ्या फळीवर ठेवायचा, दुसऱ्याने जमीन मागे सारायची, की मी निघाले. आता मी जुनी झाले आहे. माझा गुलाबी रंग उडाला आहे, मुठींचे रबर चिकट झाले आहे. नाशिकजवळच्या मखमलाबादच्या एका मळ्यात, फुलांचे क्रेट ठेवायच्या शेडमध्ये मी खिळ्याला टांगलेली असते. शेजारी फवारणीचा पंप आहे, पण तो काही बोलत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

एका कारखान्यात माझी नळी कापली, वाकवली आणि फळीला जोडली. मागच्या चाकावर पत्र्याचे झाकण बसवले. ते टाचेने दाबले की मी थांबते. तोच माझा ब्रेक. मग मला खोक्यात घालून नाशिकला आणले आणि तिथल्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानाच्या दारात टांगले. समोरून दिवसभर ट्रक, रिक्षा, बस जात. सहा महिने मी हजारो चाके पळताना पाहिली. माझी दोन चाके मात्र हवेतच होती. वारा आला की ती उगीच थोडी फिरत. मित्रांनो, चाकाला नुसते लटकून राहणे फार जड जाते.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एक माणूस आपल्या मुलीला घेऊन दुकानात आला. त्याचे नाव नवनाथ. तो झेंडू आणि शेवंती पिकवून बाजारात विकत असे. चौथीत शिकणारी त्याची मुलगी वैष्णवी हिने दसऱ्याची तोरणे ओवायला मदत केली होती आणि त्याबद्दल तिला काहीतरी मिळणार होते. तिने सगळे दुकान पाहिले आणि माझ्यापाशी येऊन थांबली.

"पप्पा, हीच."

त्या दिवशी माझी चाके पहिल्यांदा जमिनीला लागली.

वैष्णवीच्या मळ्याला लागून दुसरा एक मळा होता. तिथे प्लॉट पडले होते. घरे अजून नव्हती, पण काँक्रीटचा रस्ता झाला होता. तो थोडा सरळ जाई आणि मग पाटाकडे उतरे. रोज शाळा सुटली की वैष्णवी मला त्या रस्त्यावर नेई. ती पडलीही पुष्कळदा. गुडघे खरचटले, कोपर सोलले. तिच्या आजीने, भागुबाईंनी, हळद लावता लावता माझ्याकडे पाहून नाक मुरडले.

"उभ्यानं चालवायची गाडी! बसायला जागा नाय ती काय गाडी हाय?"

पण वैष्णवी शिकली. सरळ रस्त्यावर ती वाऱ्यासारखी जाई. उतार लागला की मात्र खाली उतरून मला हाताने नेई, कारण तसे नवनाथने तिला बजावले होते. आणि घरी आल्यावर ती मला ओट्याच्या भिंतीला टेकवून ठेवी. हा तिचा नियम होता. तो तिने एकदाही मोडला नाही.

वैष्णवीची आई, सुवर्णा, फुलांची पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसे. हाताने हार ओवायचा आणि डोळ्यांनी लेकीकडे पाहायचे. सुवर्णा कळवणकडच्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणी घरात एक सायकल होती, ती भावाची. तिला मागच्या कॅरिअरवर बसायला मिळे, तेही भावाची मर्जी असली तर. लग्न झाल्यावर ती नवनाथच्या मोटारसायकलवर मागे बसू लागली. हे सारे तिने एकदा ओवता ओवता वैष्णवीला सांगितले, म्हणून मला ठाऊक.

"मग तू कधीच काही चालवलं नाय, मम्मी?"

"नाय."

"काहीच?"

"कोण देणार होतं?" सुवर्णा म्हणाली आणि सुईत फूल घातले. मग थोड्या वेळाने तिने विचारले, "कसं वाटतं गं, जाताना?"

वैष्णवीने विचार केला. "पोटात गुदगुल्या होतात," ती म्हणाली आणि मला घेऊन पळाली.

सुवर्णा आमच्याकडे पाहत राहिली. त्या दिवशी तिचा हार अर्धाच झाला.

काही दिवसांनी एका दुपारी वैष्णवी शाळेत होती, नवनाथ बाजारात गेला होता, भागुबाई आत पडल्या होत्या. सुवर्णा ओट्यावर आली. तिने इकडेतिकडे पाहिले. मग मला भिंतीपासून हळूच उचलले आणि त्या रिकाम्या रस्त्यावर नेले. पदर कमरेला खोचला, एक पाय माझ्यावर ठेवला. तिच्या टाचेला भेगा होत्या आणि वजन वैष्णवीच्या दुप्पट. पण तो पाय इतका जपून ठेवलेला होता, जणू मला दुखेल! ती दोन पावले गेली आणि घाबरून उतरली.

दुसऱ्या दिवशी दहा पावले. चौथ्या दिवशी तिने दुसरा पायही माझ्यावर घेतला, आणि आम्ही दोघी नुसत्या वाहत गेलो. तेव्हा सुवर्णा हसली. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. त्या घरात मी तिला तसे हसताना कधी ऐकले नव्हते. मी दिवसभर दुपारची वाट पाहू लागले. मित्रांनो, खरे सांगते, वैष्णवी माझी मालकीण होती, पण माझा जीव त्या दुपारच्या पावलांवर जडला होता.

त्याच सुमारास माझे हँडल ढिले झाले होते. वैष्णवीने बापाला सांगितलेही. "पप्पा, हँडल हलतंय."

"पान्यानं आवळायला लागंल. उद्या करतो," नवनाथ म्हणाला. मग शेवंतीची तोडणी सुरू झाली आणि तो 'उद्या' आलाच नाही.

आठव्या दिवशी सुवर्णा सरळ रस्त्याच्या टोकापाशी थांबली. पुढे उतार होता. डोक्यावर हेल्मेट नाही, पायात स्लीपर. तिने एकदा मागे पाहिले आणि जमीन मागे सारली.

पहिले काही क्षण फार सुंदर होते. तिचा पदर सुटून मागे उडत होता. मग वेग वाढला. ती टाचेने ब्रेक शोधू लागली, पण स्लीपर निसटली आणि पाय झाकणावर न पडता बाजूला पडला. समोर कुणाच्या तरी बांधकामाची खडी सांडली होती. माझे पुढचे चाक खडीत शिरले, ढिले हँडल गर्रकन फिरले, आणि ती पडली. पडताना तिने उजवा हात पुढे टेकला. एक बारीक आवाज झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

सुवर्णाची हनुवटी फुटली होती, मनगट वाकडे झाले होते. पण तिने आधी काय केले, ठाऊक आहे? आधी तिने मान वळवून पाहिले, कुणी बघितले तर नाही ना. मग डाव्या हाताने मला ओढत ती घरापर्यंत आली. ओट्याच्या पायरीपाशी तिला घेरी आली. मी तिच्या हातून सुटून आडवी पडले आणि ती माझ्याशेजारी खाली बसली.

आवाज ऐकून भागुबाई बाहेर आल्या. "अगं बाई! रगत! काय झालं?" मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "पोरीनं वाटंतच टाकली व्हय गाडी? तिच्यात पाय अडकला तुझा?"

मला वाटले, आता सुवर्णा सांगेल. पण तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "हां."

एवढेच. एकच अक्षर.

संध्याकाळी ती दवाखान्यातून आली तेव्हा हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर होते. सहा आठवडे हात हलवायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. वैष्णवी ओट्यावर उभी होती. नवनाथ तिच्यावर कडाडला.

"गाडी वाटेत टाकून शाळेत जाती? बघ तुझ्या आईचा हात!"

"मी नाय टाकली, पप्पा! मी भिंतीला लावून गेले होते."

"मग ती काय आपोआप आली पायरीपाशी?"

वैष्णवीने आईकडे पाहिले. आई आत निघून गेली. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते, की मी भिंतीलाच टेकून होते! पोरीने मला नीट ठेवले होते. पण आम्हा वस्तूंना सारे दिसते, सांगता काहीच येत नाही. नवनाथने मला उचलले आणि शेडमध्ये खिळ्याला टांगले.

शेडच्या दाराजवळच हार ओवायची जागा होती. त्यामुळे पुढचे सारे माझ्यासमोर घडले. लग्नसराई आली होती आणि सुवर्णाचा हात बांधलेला. तिच्या वाटचे हार वैष्णवी ओवू लागली. शाळेतून आली की दप्तर ठेवून थेट सुई हातात. आईची वेणीही तीच घाली. ती वाकडी येई, मग सोडून पुन्हा घाली. माझ्याकडे ती एकदाही पाहत नसे.

पहिले काही दिवस ती म्हणायची, "मी नव्हती टाकली." मग म्हणू लागली, "मला तर आठवतंय, भिंतीला लावली होती." आणि एके दिवशी वेणी घालता घालता ती हळूच म्हणाली, "मम्मी, मीच टाकली असंल गं. मला आठवत नसंल. आता मी काहीच वाटेत टाकणार नाय."

सुवर्णाचा डावा हात फुलांवर तसाच थांबला. तिचे ओठ हलले. पण तेवढ्यात भागुबाई आल्या आणि ती गोष्ट पुन्हा आतच राहिली.

त्यानंतरच्या रविवारी मळ्याच्या फाटकावर भंगारवाला आला. जुना पंप, फुटके क्रेट काढून झाले. तेवढ्यात वैष्णवी शेडमध्ये आली. तिने क्रेटवर चढून मला खिळ्यावरून काढले आणि भंगारवाल्याच्या पुढे ठेवले.

"ही पण घ्या."

"चांगली हाय की, ताई," भंगारवाला म्हणाला.

"नको. हिच्यामुळं मम्मीचा हात मोडला."

तिचा आवाज अगदी सपाट होता. भंगारवाल्याने मला उचलून हातगाडीवर टाकले. माझी चाके पुन्हा एकदा हवेत फिरली आणि मला वाटले, संपले सारे.

"थांबा!"

सुवर्णा ओट्यावरून जवळजवळ धावत आली. नवनाथ, भागुबाई, भंगारवाला, सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"तिनं गाडी टाकली नव्हती," सुवर्णा म्हणाली. "ती भिंतीलाच होती. मी चालवत होते. उतारावर पडले."

"तू?" भागुबाईंना कळेना. "तू चालवत होती? ही?"

"रोज दुपारी. आठ दिवस."

नवनाथला हसू फुटले. पण लेकीचा चेहरा पाहून ते तिथेच विरले. वैष्णवी हसली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते.

"मग तू सांगितलं का नाय? मी रोज तुझी वेणी घालत होते. रोज वाटत होतं, माझ्यामुळं झालं."

"लाज वाटली गं. लोक म्हणतील, एवढी बाई आणि पोराटोरांच्या खेळण्यावर..."

"लोक कुठं होते? मीच होते."

एवढे बोलून वैष्णवी घरात गेली. दोन दिवस ती आईशी बोलली नाही. वेणीही तिने घातली नाही. सुवर्णा केस मोकळेच सोडून ओट्यावर बसे आणि तिने कुणाला हाक मारली नाही. ते तिला मान्य होते, असे मला वाटले. नवनाथने मात्र त्याच दिवशी मला हातगाडीवरून उतरवून माझे हँडल पान्याने घट्ट आवळले. "हे मी आधी केलं असतं तर," असे तो स्वतःशीच पुटपुटला.

तिसऱ्या दिवशी वैष्णवी कंगवा घेऊन आईच्या मागे येऊन बसली. ती केस विंचरू लागली.

"ब्रेक कुठं असतो, तुला माहीत होतं?" तिने अखेर विचारले.

"माहीत होतं. पायाला नाय सापडला."

"स्लीपर घालून नसतं चालवायचं. आणि उताराला खाली उतरायचं असतं." तिने केसांचे तीन भाग केले. "मला विचारायचं ना, मम्मी. मी शिकवलं असतं."

सुवर्णाने डाव्या हाताने डोळे पुसले.

प्लॅस्टर निघाले, पण मनगट पहिल्यासारखे झाले नाही. थंडीत ते दुखते, आणि हाराची गाठ तिला आता सावकाश मारावी लागते. ती माझ्यावर पुन्हा कधी चढली नाही. वैष्णवी हेल्मेट घालून आणखी दोन वर्षे मला फिरवत होती. मग तिची उंची वाढली, सायकल आली आणि मी शेडमध्ये परतले. त्या प्लॉटांवर घरे झाली. आता त्या रस्त्यावर सुवर्णा विजेवर चालणारी स्कूटी चालवते. मायलेकी दोघी मिळून ती शिकायला गेल्या होत्या. एक शिकत होती, दुसरी कडेला उभी राहून सूचना देत होती. सकाळी फुलांच्या पिशव्या पुढे ठेवून सुवर्णा निघते, तेव्हा हेल्मेटचा पट्टा बसल्याचा 'टक्' असा आवाज मला इथवर ऐकू येतो. तो ऐकला की मला बरे वाटते. आणि मग दिवसभर, कुणाला न सांगता, मी त्या भेगाळलेल्या टाचेची आठवण काढते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी असेल तर तिचे हँडल आवळून घ्या, 'उद्या' म्हणू नका. डोक्याला हेल्मेट आणि पायात बूट असल्याशिवाय तिच्यावर चढू नका. वाटेतली खडी आधी पाहा. आणि घरातले कुणी मोठे माणूस तुमच्या खेळण्याकडे जरा जास्तच वेळ पाहत असेल, तर हसू नका. जवळ जा आणि विचारा, "शिकवू का?"

त्या दुपारी एवढे विचारणारे तिथे कुणी नव्हते.