न फुटलेली कुपी

मटारची पिशवी, तोंडाला रबर लावलेली.

अर्धी खाल्लेली कुल्फी, काडीसकट.

मुंगीच्या डोक्याएवढी इंग्रजी अक्षरं.

निर्यातीची द्राक्षं. जितकी लवकर गार होतील तितकी जास्त टिकतात.

एक आई, जी पहिला मजला चढताना दोनदा बसते.

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो माझ्यामुळे जुळला.

मित्रांनो, मी औषधाची एक बाद झालेली कुपी आहे. काच शाबूत, झाकण शाबूत, सील शाबूत. तरी बाद. आणि मी रागावलेली आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही माझ्याकडून गोड गोष्टीची वाट बघणार नाही.

माझ्या पोटात कोट्यवधी फुगे होते. चरबीचे. इतके बारीक की एका केसाच्या जाडीत शेकडो शेजारी शेजारी बसावेत. पांढऱ्या झग्यातल्या माणसांनी ते जिवापाड जपून केले आणि प्रत्येकात कर्करोगाचं औषध भरलं. एवढा खटाटोप का? साधं औषध शिरेतून सोडलं की ते अंगभर हिंडतं. केस गळतात, तोंड सोलवटतं, हृदय मार खातं, आणि गाठीपर्यंत त्यातलं थोडंच पोचतं. फुग्यातलं औषध वाटेत फारसं सांडत नाही. गाठीच्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंतींना फटी असतात. फुगे तिथून बाहेर निसटतात, गाठीत साचतात आणि तिथे रिकामे होतात. सगळे नाही, पण पुष्कळ.

म्हणून मी भागीबाईंसाठी निवडली गेले. त्या पेठ तालुक्यातल्या. डोंगरउतारावर नागली, म्हणजे नाचणी, पिकवणाऱ्या. आधीच्या साध्या औषधाने त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं की आता फुग्यातलंच औषध द्यायचं, दुसरं चालणार नाही.

मला आणायला त्यांचा मुलगा बहिरू आला. तो द्राक्षांच्या शीतगृहात कामाला आहे. औषधाच्या दुकानातल्या ललितने फोन कानाला लावूनच माझं खोकं पुढे सरकवलं.

"थंड ठेवा. एकदम थंड."

"किती थंड, दादा?"

"अहो, थंड म्हणजे थंड. चला, पुढे कोण आहे?"

मला दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. गोठवायचं नसतं, कधीच नाही. हे माझ्या खोक्यावर छापलेलं आहे. कडेला, इंग्रजीत, मी सुरुवातीला सांगितलेल्या त्या अक्षरांत. बहिरूने खोकं उन्हात धरून फिरवून पाहिलं. मग पिशवीत घातलं.

रुग्णालयात त्या दिवशी खाट रिकामी नव्हती. उद्या सकाळी या, म्हणाले. बहिरू मला घेऊन इंदिरानगरला गेला, जिथे तो मागची खोली भाड्याने घेऊन राहतो. फ्रिज घरमालकीण वत्सलाबाईंचा.

"काकू, आईचं औषध ठेवायचं हाय."

"ठेव की. खाली मेथी कोंबलीय, तिथे नको. दारात ठेव."

"दारात नाय. दार सारखं उघडतं. आमच्याकडं दार उघडं राहिलं तर सुपरवायझर सगळ्यांसमोर झापतो."

"मग माझ्या फ्रिजलाही एक सुपरवायझर नेम. तेवढीच मला जरा बसायला उसंत."

"वरती ठेवतो, काकू. बर्फात. लय जपायचं हाय हे."

दारात मी सुखरूप राहिले असते.

पण बहिरूला कसं कळावं? दहा वर्षं त्याला एकच शिकवलंय, जितकं गार तितकं चांगलं. मटार आणि कुल्फीच्या मधली जागा त्याने हाताने साफ केली, मला रुमालात गुंडाळलं आणि आत ठेवलं. इतक्या मायेने मला आजवर कोणी ठेवलं नव्हतं. त्याच मायेने मी मेले.

पाणी गोठलं की त्याच्या सुया होतात. त्या सुया फुग्यांतून आरपार गेल्या. औषध बाहेर सांडलं, माझ्याच पोटात. सकाळी बर्फ वितळला आणि मी पुन्हा होते तशी दिसू लागले. तोच दुधाळ रंग, तेच चकचकीत झाकण. मित्रांनो, मला सगळ्यात जास्त चीड याची येते. मी फुटले असते तर कोणी मला टोचायला घेतलं नसतं. मी तर छान दिसत होते.

वॉर्डात ज्योत्स्ना सिस्टरने सील तपासलं, नाव जुळवलं, सुई उघडली. भागीबाईंनी बाही वर केली. मला ओरडता येत नाही.

"रात्री कुठे ठेवली होती?" सिस्टरने सवयीने विचारलं.

"काळजी करू नका, ताई," बहिरू अभिमानाने म्हणाला. "वरच्या बर्फात. सकाळी काढली तर दगड झाली होती, दगड."

सिस्टरने सुई खाली ठेवली.

मग मोठे डॉक्टर आले आणि बहिरूला वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलले. अडाणी म्हणाले. त्याला स्वतःच्याच बोलण्याचा अर्थ आत्ता कुठे समजत होता. तो खाटेच्या दांड्याकडे बघत राहिला. बाही तशीच वर ठेवून भागीबाई म्हणाल्या,

"अडानी म्हनू नका, दादा. द्राक्ष कशी ठिवायची ते त्याला सांगितलं, तर धा वर्सांत एक पेटी नासली नाय त्याच्या हातून. हिचं कोनी सांगितलं?"

डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात निघून गेले.

पाच दिवसांनी दुसरी कुपी आली. तोवर गाठ काही थांबून राहिली नसेल. ती कुपी वत्सलाबाईंच्या फ्रिजच्या दारात राहिली, अंड्यांशेजारी, आणि मग भागीबाईंच्या शिरेत गेली. पुढे काय होईल ते कळायला महिने लागतात. मला माहीत नाही, म्हणून मी सांगणार नाही.

मला सिस्टरने जाड पिशवीत बंद करून टेबलाच्या कपाटात ठेवलंय. नातेवाईक आले की ती मला दाखवते. "ही बघा. गोठली होती. दिसतंय काही? नाही ना? म्हणून फ्रिजच्या दारात ठेवायची." तेवढं सांगायला तिला पाव मिनिट लागतं. मी मोजलंय.

मित्रांनो, औषध नीट ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ठेवायला माणसं जिवाचं रान करतात, ते मी पाहिलंय. तुम्ही मोठे होऊन दुकानाच्या, टेबलाच्या, खिडकीच्या पलीकडच्या बाजूला बसाल, तेव्हा फोन खाली ठेवा. "किती थंड?" असं कोणी विचारलं तर त्याला आकडा सांगा. तो विचारतो कारण त्याला जपायचं असतं.

मी दुकानात आले त्या दिवशी आमच्या खोक्यांबरोबर 'गोठवू नका' असं ठळक मराठीत छापलेल्या शंभर चिठ्ठ्यांचा गठ्ठाही आला होता, आणि ललितने तो रबर न सोडता खणात टाकला होता.