गोमू एवढा कसा झोपला

ऐक की आधी, मधी बोलू नकोस. सानेगुरुजी वसाहतीतली रोहिणी हाय न्हवं, अरिहंतची बायको, लॅबमध्ये माणसांचं रक्त काढायला असती ती? तिच्या घरात त्या रविवारी काय झालं ते सांगतो.

तिचं पोरगं गोमटेश. आठ महिन्यांचं, सगळी गोमूच म्हणत्यात. दिवसभर गालात हसणार, आणि दिवस बुडाला की असा गळा काढणार की खालच्या मजल्यावरची माणसं टीव्हीचा आवाज वाढवायची. रात्रभर ह्याच्या खांद्यावरनं त्याच्या खांद्यावर. रोहिणीचे डोळे नुसते खोल गेलते. बाळंतपणाची रजा संपत आलती, सोमवारी कामावर हजर व्हायचं, आणि तिला एकच भ्या. झोपेत सुई कुणाच्या हातात भलतीकडंच घुसली तर?

मग तिनं मोबाईलवर वाचून वाचून एक पद्धत बसवली. रोज त्याच वेळेला कोमट पाण्यानं आंघोळ, तेलाचा हात, सुती झबलं, ट्यूब बंद करून बारीक दिवा, पोटभर दूध आणि तेच ते एक गाणं. त्या वेळेला टीव्ही न्हाय, मोबाईल न्हाय, कुणी मोठ्यानं बोलायचं न्हाय. जैनाचं घर, दिवस बुडायच्या आत जेवणं उरकल्याली, त्यामुळं संध्याकाळ मोकळीच.

अरिहंत म्हणायचा, "झोपायला बी टाइमटेबल? उद्या हजेरी घेशील त्याची."

आणि सासू, प्रभावती, रोहिणी तिला आत्ती म्हणती, ती तर तोंडावरच, "आमी तीन पोरं वाढीवली बाई. एकासाठी बी दिवा बारीक केला न्हवता. दिवा विझवला की अंधाराला भिऊनच झोपायची."

पयल्यांदा कायच फरक न्हाय. गोमू आंघोळीला रडायचा, तेलाला रडायचा, गाण्याला तर जास्तच. रोहिणी हट्टाला पेटलेली. आणि मग एकाएकी जमलं की! दिवा बारीक झाला की पोराचे डोळे जड. गाणं संपायच्या आत गार. रोहिणीचे पाय जमिनीवर न्हवते. भणीला फोन, मैत्रिणींना फोन, "अगं सवय लागली त्याला, सवय! जायफळ-बियफळ कायसुदिक लागत न्हाय." तिची आई हातकणंगल्याहून सारखी सांगायची, थोडं जायफळ उगाळून चाटव, पोर झोपतंय, तुला बी तसंच वाढवलंय. तर हिनं आईलाच भाषण दिलतं. आत्ती तिथंच भाजी निवडत बसल्याली.

आता रविवार. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं, आणि नेमकी त्याच संध्याकाळी शिरोळची पावणं आली. टीव्ही लागला, चहा झाला, गोमू ह्या हातातनं त्या हातात. आंघोळीची वेळ गेली, तेलाची गेली. पोरगं जे बिथरलं ते कुणालाच आवरंना. रोहिणीच्या डोक्यात एकच, आज झोपला न्हाय तर उद्या काय?

ती स्वयंपाकघरात गेली. सहाण घेतली, जायफळ घेतलं, पाण्याच्या थेंबात दोन वळसं उगाळलं, आणि कडेवरच्या गोमूला बोटानं चाटवलं. सहाण धुवून जागेवर. कुणी बघितलं न्हाय. दोन वळशांनी काय होतंय, असं स्वतःलाच म्हटली. मग आत्ती आली आणि म्हटली, "दे हिकडं त्याला, मी जरा गॅलरीत फिरवून आणतो. तू पावण्यांना वाटं लाव."

पावणं गेली. गोमू आत्तीच्या खांद्यावर मान टाकूनच आला. रोहिणीनं झबलं बदललं, दिवा बारीक केला, गाण्याची पयली ओळ पण झाली न्हवती तर पोरगं गाढ.

"बघा," ती अरिहंतला म्हटली, "एवढ्या गोंधळात बी झोपला. सवय."

थोड्या येळानं तिची छाती दुधानं दगडागत झाली. ब्लाऊज भिजला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, हा ह्या वेळेला एकदा तरी उठतोय प्यायला. आत गेली. गाल हलवला. न्हाय. तळव्याला गुदगुल्या केल्या, एरवी पाय झटकतोय, आज पाय तसाच. हात उचलून सोडला तर ओल्या फडक्यागत खाली पडला. तोंड लाललाल, ओठ सुकल्याले, आणि छातीला कान लावला तर काळीज नुसतं धडधडतंय.

"गोमू! ए गोमू!" तिनं ट्यूब लावली, टीव्ही लावला, मोठ्ठा आवाज केला, ताटावर चमचा बडवला. जे जे इतके दिवस बंद ठेवलतं ते सगळं केलं बघ. पोरानं डोळ्याची पापणी पण हलवली न्हाय.

गाडी काढली. आणि रविवारची रात, रंकाळा तलावावर भेळ खायला सगळं कोल्हापूर उतरल्यालं. गाडी हलंना. अरिहंत काच खाली करून वरडतोय, "ओ पावणं, गाडी घ्या की बाजूला, पोरगं हाय आजारी!" मागच्या सीटवर रोहिणी गोमूच्या नाकाजवळ बोट धरून बसल्याली. त्याचा श्वास बोटाला लागला की हिचा चालू, न्हाय लागला की हिचा पण बंद. सांगावं का आता? सांगितलं तर हा काय म्हणंल? आणि दोन वळशांनी असं होत न्हाय, मग हे दुसरंच काय असलं तर? शेजारी आत्ती णमोकार म्हणत हुती, आणि मधीच अडखळत हुती. जन्मभर म्हटल्याला मंत्र, आणि अडखळत हुती.

दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात टॉर्च मारला. "पडला का कुठं? ताप? घरचं काही औषध, गुटी, काही दिलंय?"

"न्हाय," आत्ती लगेच म्हटली.

"नक्की? मला कळलं न्हाय तर उगीच भलत्या तपासण्या करत बसावं लागंल. वेळ जातोय."

रोहिणीनं अरिहंतकडं बघितलं, गोमूकडं बघितलं. "जायफळ," ती म्हटली. "मी दिलं. दोन वळसं."

आत्तीचा हात तोंडावर गेला. "तू बी?"

बस्स, एवढंच. अरिहंतला कळायला येळ लागला, रोहिणीला न्हाय. आत्ती भिंतीला टेकून खालीच बसली. "रोज थोडंच देत हुतो गं. तुझ्या त्या पद्धतीला यश यावं म्हणून. एवढी हौसेनं करत हुतीस, आणि रडून रडून झिजत हुतीस. आज लई वरडत हुता, उद्या तुझं काम, म्हणून हात जरा सैल सोडला. पाच-सा वळसं... मला काय ठाव, तू..."

अरिहंत दोघींवर पण वरडला न्हाय. डॉक्टरीणबाईंकडं वळून म्हटला, "दोघींचं मिळून सात-आठ वळसं झालं, बाई."

डॉक्टरीणबाईंनी गोमूला वायरी लावल्या, सलाईन लावलं, म्हटल्या बघत राहायचं. दोघी बाकावर बसल्या, मधी एक माणूस बसंल एवढी जागा सोडून. पहाटं गोमू कुरकुरला, मग रडला, असा रडला की सगळा वॉर्ड जागा झाला, आणि रोहिणी नर्सच्या गळ्यात पडून हसायला लागली.

आता खरं ऐक. सोमवारी दुपारी घरी सोडलं. लॅबला तिनं कळवलं, आज येत न्हाय. अरिहंतनं जायफळं कचऱ्यात टाकली. संध्याकाळ झाली. रोहिणीनं आंघोळ घातली, तेल लावलं, दिवा बारीक केला. गाणं सुरू केलं. आणि गोमू झोपला. न रडता, शांत, पयल्याच ओळीला.

रोहिणीचं गाणं तिथंच थांबलं. पलंगाच्या त्या बाजूला आत्ती.

"आत्ती... खरं सांगा."

"देवाशप्पथ न्हाय. हात बी लावला न्हाय मी." मग हळूच, "तू?"

"न्हाय."

दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघाय लागल्या. डॉक्टरीणबाई म्हटल्यावत्या, दमल्यालं असंल, झोपला तर झोपू दे. पण कालच्यागतच पडलाय की गं तो, मान कलंडून, मूठ उघडी. उठवलं तर सगळी रात्र रडणार, उद्या तर तिला कामावर जायाच लागतंय. न्हाय उठवलं तर?

रोहिणीचा हात त्याच्या तळव्यापतुर गेला आणि तसाच अधांतरी ऱ्हायला. आता तू सांग, तू असतीस तर झोपल्यालं पोरगं उठवलं असतंस का?